तारामतीपासून वागळेंपर्यंत: दुर्गा खोटे यांची पन्नास वर्षं

आजच्या भागातल्या बाईंना तुम्ही पडद्यावर नक्की पाहिलंय. फक्त नाव विचारलं तर बहुतेकांची गाडी अडेल. 'बॉबी'मधली बॉबीची आजी आठवते? 'अभिमान'मधली अमिताभची मौसी? 'कर्ज'मधली, मुलगा परत येईल म्हणून वाट बघणारी आई? आणि 'मुघल-ए-आझम'मध्ये अकबर आणि सलीम यांच्या मध्ये सापडलेली जोधाबाई? या चारही ठिकाणी एकच बाई आहेत. दुर्गा खोटे. (दुर्गा भागवत वेगळ्या हं. त्या लेखिका. त्यांच्यावर कधीतरी वेगळा भाग करू.)

दुर्गाबाईंची ओळख करून देताना एक ठरलेलं वाक्य असतं: 'चांगल्या घरातून सिनेमात आलेल्या पहिल्या सुशिक्षित अभिनेत्रींपैकी एक.' वाक्य खोटं नाही. पण ते त्यांचं आडनाव, शाळा आणि माहेर सांगून थांबतं. बाईंनी पुढची पन्नास वर्षं नक्की काय केलं, ते त्यात कुठेच येत नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. अभिनय हा पोटापाण्याचा धंदा म्हणून त्यांनी कसा चालवला, कुणाशी बांधून घेतलं नाही, आणि वय वाढलं तसं काम कसं बदललं, ही आजची गोष्ट.

एकच तारामती, दोन वेळा

सुरुवात १९१३ पासून करू. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढतायत. गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असलेली. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा, त्याची राणी तारामती, मुलगा रोहिदास. फाळक्यांना सगळं मिळालं, तारामती मिळेना. त्यांनी खूप शोध घेतला, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार झाली नाही. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. भारताची पहिली पडद्यावरची राणी म्हणजे हे साळुंके.

आता १९३२. तीच गोष्ट, तीच तारामती. यावेळी सिनेमा बोलतोय, मराठीत बोलतोय. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा', दिग्दर्शक व्ही. शांताराम. आणि तारामती आहेत दुर्गा खोटे, वय सत्तावीस.

मध्ये फक्त एकोणीस वर्षं गेलीत.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या एकोणीस वर्षांत पडद्यावर बायका नव्हत्या, असं अजिबात नाही. १९१३ मध्येच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली. या कमलाबाई म्हणजे विक्रम गोखले यांच्या आजी. फात्मा बेगम यांनी तर १९२६ मध्ये सिनेमा दिग्दर्शित केला. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, मूकपटांच्या मोठ्या स्टार होत्या. पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची नायिका झुबेदा, या फात्मा बेगम यांची मुलगी. या सगळ्या काम करत होत्या, कमावत होत्या. समाज त्यांचे सिनेमे तिकीट काढून बघायचा आणि वर नावंही ठेवायचा. म्हणून 'चांगल्या घरातली पहिली' म्हणताना आधीच्या सगळ्यांची घरं वाईट ठरतात, हे लक्षात ठेवू.

विटा लाड ते दुर्गा खोटे

१४ जानेवारी १९०५ ला जन्म. माहेरचं नाव विटा लाड. वडील पांडुरंगराव लाड मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेत, मग सेंट झेवियर्स कॉलेज. त्या काळात मुलीने मॅट्रिक होणं हीच बातमी असायची, तिथे ही मुलगी कॉलेजात जातेय. लग्न झालं विश्वनाथ खोटे यांच्याशी. खोट्यांचं घर श्रीमंत. नवरा शिकलेला इंजिनिअर. सगळं कसं मार्गी लागलेलं.

मग ते विस्कटलं. सासरचा पैसा बुडाला. नवरा अकाली गेला. पदरात बकुळ आणि हरीन ही दोन लहान मुलं. अशा वेळी त्या काळातल्या बाईपुढे दोनच वाटा असायच्या: सासरच्यांच्या आधाराने राहा, नाहीतर माहेरी परत जा. दुर्गाबाईंनी शिकवण्या घ्यायला सुरुवात केली. शिक्षण होतं, इंग्रजी उत्तम होतं. पण शिकवण्यांवर दोन मुलांचं घर किती ओढणार?

सिनेमा आला तो असा. बहिणीच्या ओळखीतून एक काम चालून आलं. मोहन भवनानी यांचा 'फरेबी जाल' हा सिनेमा मूक म्हणून सुरू झाला होता. तेवढ्यात बोलपटांची लाट आली. १९३१ च्या मार्चमध्ये 'आलम आरा' लागला आणि मूकपट एका रात्रीत जुना वाटायला लागला. मग निर्मात्यांनी काय केलं? मूकपटालाच थोडे बोलके प्रसंग जोडायचे. आजच्या भाषेत, जुन्या ॲपला घाईघाईने नवीन फीचर चिकटवायचं. त्या तुकड्यात दुर्गाबाईंना छोटंसं काम मिळालं.

काम छोटं, पण जाहिरात मोठी झाली. नामांकित सॉलिसिटर लाड यांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर येतेय, असा डंका पिटला गेला. म्हणजे अभिनय विकायचाच नव्हता, घराणं विकायचं होतं. सिनेमा पडला. आणि त्याच्याबरोबर माहेर-सासर दोन्हींची अब्रू चव्हाट्यावर आली. गिरगावातल्या चाळी-वाड्यांमध्ये काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्हीच कल्पना करा.

इथेच थांबल्या असत्या तर आज हा भाग झाला नसता.

कोल्हापूरचा फोनकॉल नाही, पण तसंच काहीसं

व्ही. शांताराम यांनी तो पडेल सिनेमा पाहिला आणि त्यातल्या त्या छोट्या कामात त्यांना आपली तारामती दिसली. त्यांनी दुर्गाबाईंना 'अयोध्येचा राजा'साठी विचारलं. एकदा पोळलेल्या बाईंनी पुन्हा हो म्हणायचं, हा निर्णय सोपा नव्हता. पण त्यांनी हो म्हटलं.

प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती. पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते गोविंदराव टेंबे, जे मुळात हार्मोनियमचे बादशहा आणि संगीत नाटकातले मोठे नाव. या सिनेमाचं संगीतही त्यांचंच. नारदाच्या भूमिकेत मास्टर विनायक, दुष्ट गंगानाथ म्हणजे बाबूराव पेंढारकर. अशा तालेवार मंडळींमध्ये दुर्गाबाई जवळजवळ नवख्या.

आणि काम कसलं? पार्श्वगायन हा प्रकारच तेव्हा नव्हता. तो १९३५ च्या सुमाराला कलकत्त्यात सुरू झाला. म्हणजे शूटिंग चालू असतानाच नटाने अभिनय करत करत गायचं, वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दडून बसणार, आणि मायक्रोफोन हे सगळं एकदम टिपणार. सूर चुकला, शब्द अडखळला, मागे काही खडखडलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एडिट करून जोडू, ही सोय नाही. दुर्गाबाईंनी तारामतीची गाणी अशी स्वतः गायली. सिनेमा मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत केला गेला, म्हणजे मेहनतही डबल.

'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट. 'आलम आरा'ची प्रत आज उपलब्ध नाही, तो हरवला. 'अयोध्येचा राजा' मात्र वाचला. त्यामुळे आपल्या बोलपटाची अगदी सुरुवात आपल्याला बघायला मिळते, ती दुर्गाबाईंच्या चेहऱ्यासकट आणि आवाजासकट.

चित्रपट गाजला आणि एक गंमत झाली. 'फरेबी जाल'च्या वेळी नावं ठेवणारे लोकच आता तारामतीला बघून रडत होते. सोज्वळ पौराणिक राणी म्हटल्यावर लोकांना चालतं! त्याच वर्षी प्रभातचाच 'माया मच्छिंद्र' आला. त्यात त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. दरारा असा, की पायाशी पाळलेला चित्ता. एकाच वर्षात बाजारात विकली जाणारी राणी आणि पुरुषांवर हुकूम चालवणारी राणी, अशी दोन टोकं.

पगारी नोकर की फ्रीलान्सर?

आता तो मुद्दा, ज्यामुळे मला हा भाग करावासा वाटला.

त्या काळातला स्टुडिओ म्हणजे अक्षरशः कंपनी. प्रभात, न्यू थिएटर्स, पुढे बॉम्बे टॉकीज. नट, गायक, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या पगारावर. करार केला की त्या स्टुडिओचेच. दुसरीकडे काम करायचं नाही. सुरक्षितता होती, पहिल्या तारखेला पगार होता, पण कुठली भूमिका करायची हे मालक ठरवणार. आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजातून निघताना बाँडवर सही केली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

दोन मुलांची एकटी आई. तिने काय निवडायला हवं होतं? कुणीही सांगेल, बांधीव पगार. दुर्गाबाईंनी उलटं केलं. प्रभातबरोबर मोठी कामं केली, पण फक्त प्रभातच्या झाल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये १९३३ साली मीरा झाल्या. १९३४ मध्ये तिथल्याच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'मध्ये सीता झाल्या. दिग्दर्शक देवकी बोस, राम म्हणजे तरुण पृथ्वीराज कपूर. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. मग पुन्हा प्रभात, १९३६ चा 'अमरज्योती'. मुंबईत प्रकाश पिक्चर्स. म्हणजे ज्याच्याकडे चांगली भूमिका, त्याच्याकडे काम. स्टुडिओंच्या त्या जमान्यात फ्रीलान्स काम करणाऱ्या पहिल्या मोठ्या कलाकारांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

तीसच्या दशकात एक बाई मुंबई, कोल्हापूर, पुणे, कलकत्ता अशी आगगाडीने फिरत आपले करार आपण ठरवतेय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याच दशकात त्या निर्मितीतही उतरल्या. मराठीत 'सवंगडी' आणि हिंदीत 'साथी' काढला.

'अमरज्योती'बद्दल दोन वाक्यं सांगतोच. त्यात त्या सौदामिनी आहेत. राज्याचा कायदा तिला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो. ती रडत बसत नाही. ती समुद्रावर जाते आणि चाचे बनते. हो, १९३६ मध्ये, मुलाच्या हक्कासाठी चाचे झालेली आई! आज कुठल्या ओटीटीवर ही सिरीज आली तर आपण 'काय भारी कन्सेप्ट आहे' म्हणू.

छत्तिसाव्या वर्षी सासू

पडद्यावरच्या बायकांचं करिअर लवकर संपतं, ही तक्रार आजही आहे. तिशी ओलांडली की नायिकेचे फोन कमी होतात. हीरो मात्र पन्नाशीतही कॉलेजात जातो.

१९४१ मध्ये आचार्य अत्र्यांचा 'पायाची दासी' आला, हिंदीत 'चरणों की दासी'. त्यात सुनेला छळणारी सासू दुर्गाबाईंनी केली. वय छत्तीस. पुढच्या वर्षी विजय भट्ट यांचा 'भरत मिलाप'. ज्या बाई आठ वर्षांपूर्वी सीता होत्या, त्या आता कैकेयी. विचार करा, ज्यांना लोक हात जोडत होते, त्यांनी आता लोकांचे शिव्याशाप घ्यायचे. या दोन्ही भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. १९४३ मध्ये सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये त्या गर्विष्ठ मृणालवती झाल्या.

मला वाटतं, त्यांची खरी हुशारी इथे आहे. नायिकेचं दुकान बंद होईपर्यंत त्या थांबल्याच नाहीत. आधीच शेजारी दुसरं दुकान उघडलं. आई, सासू, राणी, आजी, अशा भूमिका ज्यांना वयाची भीती नाही. म्हणून १९६० मध्ये 'मुघल-ए-आझम' येतो तेव्हा त्या तिथे आहेत. समोर अकबर कोण? तेच पृथ्वीराज कपूर. 'सीता'मधले राम-सीता सव्वीस वर्षांनी अकबर-जोधा होऊन भेटतात. मग मर्चंट-आयव्हरी यांचा पहिला सिनेमा 'द हाउसहोल्डर' (१९६३) मध्ये शशी कपूरची आई. 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी'. आणि १९७४ च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार. तेव्हा वय होतं एकोणसत्तर.

आणि नाटक?

हा भाग तरुण श्रोत्यांना सहसा माहीत नसतो. थोडं मागे जावं लागेल.

मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करायचे. बालगंधर्व हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं आणि त्यात ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक या स्त्रियांनीच स्त्रियांची कामं केली, तेव्हा ती मोठी घटना ठरली. पण तोवर नाटकांचेच वाईट दिवस आले होते. कारण? बोलपट. ज्या थिएटरात नाटकं व्हायची तिथे सिनेमे लागायला लागले, गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये एकनाथांची भूमिका केली.

आता यातला विरोधाभास बघा. ज्या बोलपटाने नाटकाचा घास घेतला, त्याच बोलपटाने दुर्गाबाईंना मोठं केलं. आणि चाळीस-पन्नासच्या दशकात मराठी नाटक पुन्हा उभं राहायला धडपडत होतं, तेव्हा सिनेमातल्या या स्टार नाटकाकडे आल्या. इप्टाशी त्यांचा संबंध आला. गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी कामं केली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'मध्ये त्या आनंदीबाई होत्या. ती आनंदीबाई, जिने 'ध'चा 'मा' केला असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून लिहिलेलं 'राजमुकुट' आलं. नायक नानासाहेब फाटक, ज्यांच्या आवाजाने थिएटर हादरायचं, आणि त्यांच्यासमोर लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई.

दोन्ही भूमिकांमध्ये काय साम्य आहे? दोघी सत्तेसाठी रक्त सांडायला तयार असलेल्या बायका. प्रेक्षकांना आवडावं म्हणून सोज्वळ राहायची गरज दुर्गाबाईंना आता उरली नव्हती. आणि सिनेमातून नाटकात येणं म्हणजे पैशाच्या हिशेबात खालीच येणं. रिटेक नाही, क्लोजअप नाही, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा. तरी त्या आल्या. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

घरातही रंगभूमी होतीच. दीर नंदू खोटे नाटक आणि मूकपटांत काम करायचे. त्यांची मुलं म्हणजे शुभा खोटे आणि विजू खोटे. हो, 'शोले'मधला कालिया हा दुर्गाबाईंचा पुतण्या! आणि हरीनची पत्नी विजया, म्हणजे पुढे 'रंगायन' उभारणाऱ्या विजया मेहता, या दुर्गाबाईंच्या सूनबाई.

कॅमेऱ्याच्या मागे

पन्नासच्या दशकात त्यांनी फॅक्ट फिल्म्स सुरू केली, त्यातून पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स झाली. माहितीपट, लघुपट, जाहिराती. ग्लॅमर शून्य, पण नियमित काम. ज्या बाईंनी पगारी नोकरी घेतली नाही, त्यांनी आता दुसऱ्यांना काम देणारी संस्था उभी केली.

आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' लागली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या जगातून आलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली, अंजन श्रीवास्तव यांची ती साधी, गोड मालिका. तुमच्या आईबाबांना विचारा, डोळे चमकतील. ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच निर्मिती. मूकपटाला चिकटवलेल्या बोलक्या तुकड्यातून सुरू झालेलं नाव रंगीत टीव्हीच्या श्रेयनामावलीपर्यंत आलं. मूकपट, बोलपट, नाटक, जाहिरात, टीव्ही. तंत्रज्ञान दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेलं आणि बाई प्रत्येक वेळी नव्याने शिकल्या. आमच्या आयटीत याला 'अपस्किलिंग' असं भारदस्त नाव देतात आणि त्याचे कोर्स विकतात.

१९६८ मध्ये पद्मश्री, १९८३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार. हा फाळके पुरस्कार मला विशेष वाटतो. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई सापडली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान पडद्यावरच्या तारामतीला मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ ला दुर्गाबाई गेल्या.

मग काय घ्यायचं यातून?

'स्वप्नांचा पाठलाग करा' छाप धडा इथे काढू नका, प्लीज. दुर्गाबाई स्वप्न म्हणून सिनेमात आल्याच नाहीत, त्या घर चालवायला आल्या. शिवाय माहेरची पुण्याई, इंग्रजी शाळा, ओळखी, हे भांडवल त्यांच्याकडे होतं. ते नसलेल्या कितीतरी जणी त्याच काळात तितक्याच मेहनतीने काम करत होत्या आणि आज त्यांची नावंही सापडत नाहीत. हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. भांडवल अनेकांकडे असतं. लोक ते अब्रू सांभाळण्यात खर्च करतात. या बाईंनी ते काम करण्यात खर्च केलं. आणि एकदा काम हातात आल्यावर त्यांनी त्याला उपकार मानलं नाही. स्वतःचा व्यवसाय मानला.

तुम्हाला त्यांच्याच शब्दांत ही गोष्ट वाचायची असेल, तर 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मराठीत आहे, आणि शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आहे. तेवढा वेळ नसेल तर या रविवारी 'अभिमान' लावा. सगळं लक्ष जया-अमिताभवर जाईल, ठीक आहे. पण मौसी पडद्यावर आली की एकदा पॉज करा आणि घरात सांगा, की या बाई १९३२ मध्ये पहिल्या मराठी बोलपटाच्या हिरॉइन होत्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!